तीनदा दाबायचा ब्रेक

आमच्या विलायती गाडीचं कौतुक करायला कोणी आलं की माझं डोकं फिरतं. आलेला माणूस आधी बोनेटवरून हात फिरवतो, मग खिडकीतून डोकावून लाकडी डॅशबोर्ड बघतो, हॉर्न वाजवतो, मोबाइल काढून चार फोटो घेतो आणि शेवटी हमखास म्हणतो, "वा गुरुजी, काय जपली आहे!" जपली म्हणे. रंग जपला, चकचकीत पट्ट्या जपल्या, सीटचं लाल कातडं जपलं. साठ-पासष्ट वर्षांच्या त्या गाडीला ब्रेक लागतो की नाही, हे मला आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ती आमची सोनूबाई बरीच वर्षं पोर्चमध्ये मिरवत होती आणि आम्ही सगळे तिच्यावर खूश होतो.

गाडी इंग्लंडात तयार झालेली. तिचं खरं नाव घरात कोणी घेत नाही, सगळे 'विलायती' म्हणतात. मी चौथीत असताना बाबांनी ती गोंदियातल्या एका राईस मिलवाल्याकडून विकत घेतली आणि आमच्या गावी, मुर्रीला आणली. तेव्हापासून आमच्या भावकीत एक रीतच पडली. मुलगी कोणाचीही असो, पाठवणी विलायतीतूनच, आणि गाडी चालवणार घरातला सगळ्यात मोठा पुरुष. आधी बाबा चालवायचे. ते गेल्यावर माझे थोरले भाऊ, दादा, चालवू लागले. दादा शेती बघतात, मी शाळेत विज्ञान शिकवतो. अंगण एक, गाडी एक, आणि तिच्याबद्दलचा शेवटचा शब्द नेहमीच दादांचा.

या गाडीचा ब्रेक तीनदा दाबायचा असतो. पहिल्यांदा दाबला की पेडल सरळ खाली जाऊन टेकतं, दुसऱ्यांदा अर्ध्यावर काहीतरी लागल्यासारखं वाटतं, तिसऱ्यांदा गाडी थांबते. बाबा आम्हाला शिकवताना म्हणायचे, "पहिल्यांदा त्याले जागं कराचा, दुसऱ्यांदा सांगाचा, तिसऱ्यांदा थांबवाचा." आम्ही हसायचो. आमचा मुलूख सपाट. जिकडे बघाल तिकडे धानाचे बांध, रस्त्याला ना चढ ना उतार. गाडी गिअरवर हळू करायची आणि बैलजोडी दिसली की लांबूनच तयारीला लागायचं. बाबा तर अभिमानाने सांगत की ब्रेक दाबून गाडी कोणीही थांबवेल, त्याला ड्रायव्हर म्हणत नाहीत. त्यांच्यानंतर दादा तेच सांगू लागले, आणि लाज वाटते लिहायला, पण माझ्या मुलीला गाडी शिकवताना मीही तिला तेच सांगितलं. दरवर्षी नववीच्या वर्गात मी फळ्यावर ब्रेकची आकृती काढतो. बंद नळीत द्रव असला की एका टोकाला दिलेला दाब दुसऱ्या टोकाला तसाच पोचतो, हे पोरांकडून पाठ करून घेतो. पोचायला तीनदा दाब द्यावा लागतो, असं कोणत्या पुस्तकात लिहिलं आहे हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आता कोहमाऱ्याचं सांगतो. मागच्या उन्हाळ्यात दादांच्या मुलीचं लग्न झालं. नवरदेव अर्जुनी मोरगावकडचा. जेवणं उरकून आम्ही तीनच्या सुमारास पाठवणी केली. विलायती दादा चालवत होते, शेजारी नवरदेव, मागच्या सीटवर नवरी आणि तिची पाठराखीण म्हणून माझी मुलगी. मी मागच्या जीपमध्ये. कोहमाऱ्याला हायवे ओलांडावा लागतो. समोरून एक लांबलचक ट्रेलर येत होता, आणि विलायती थांबली नाही. मला मागून तिचा लाल दिवा दिसला, एकदा लागला, विझला, पुन्हा लागला, विझला. मग गाडी झटका खाऊन डावीकडे वळली, ढाब्याच्या आवारात घुसली, दोन खाटा आणि पाण्याचा एक ड्रम घेऊन भिंतीला टेकली. ट्रेलर हॉर्न वाजवत तिच्या मागून निघून गेला. किती अंतरावरून गेला ते मला माहीत आहे, पण मी ते कधी घरात बोललो नाही. माझ्या मुलीचं डोकं पुढच्या सीटच्या दांडीवर आपटलं. उजव्या भुवईवर तीन टाके पडले.

आणि मग काय झालं? दादांचा सत्कार झाला! खरंच सांगतो. ढाब्यावरच लोकांनी त्यांना मिठ्या मारल्या, व्याह्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. काय कंट्रोल, काय हात, दुसरा कोणी असता तर संपलंच होतं. आमच्या आत्याने नारळ फोडला आणि नवरीची दृष्ट निघाली म्हणून हात जोडले. गाडीच्या दबलेल्या बंपरपाशी दोन माणसं हळहळत उभी होती. ब्रेक का लागला नाही, हे विचारणारा तिथे एकही बाप्या नव्हता. मी रुमालाने मुलीचं रक्त पुसत होतो आणि माझ्या मस्तकात संतापाने घण पडत होते, पण सांगायला लाज वाटते, मीही तिथे काही बोललो नाही. भरल्या लग्नात मोठ्या भावाला कसं विचारायचं, हा विचार माझ्या आडवा आला.

तीन महिन्यांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. सुपारी फुटली त्याच दिवशी तिने स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर सांगितलं, "मी विलायतीत बसणार नाही. ऑटोने जाईन, पण त्या गाडीने नाही."

वहिनी म्हणाल्या, "असं काऊन बोलते बाई? तुह्या आजोबाची गाडी हाये ते." दादा उठून गोठ्याकडे गेले. आमच्या भावकीत विलायतीत न बसता सासरी गेलेली मुलगी नाही. लोक अर्थ काढतात. दोन भावांत बिनसलं म्हणतात, मुलीने पळून लग्न केलं म्हणतात. पण मला लोकांचं काही वाटलं नाही. मला तिच्या भुवईवरची पांढरी रेघ दिसत होती. मी तिला म्हणालो, "गाडीचे ब्रेक मी नवे करून देतो. मग तर बसशील?" ती म्हणाली, "बघून सांगीन."

दुसऱ्या दिवशी गाडी टो करून गोंदियातल्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. साठीचा माणूस, चष्म्याला दोरी, तोंडात कायम सुपारी. त्याने चारही चाकं काढली आणि मला जवळ बोलावलं. "सरजी, इधर देखो. ये गाडी रुकती कैसे थी?" चाकामागच्या लोखंडी ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे जे पट्टे असतात, ते झिजून नुसते रिव्हेट उरले होते. चाकाजवळच्या सिलिंडरमधून तेल गळून आतला सगळा भाग चिकट झाला होता. रबरी नळ्या बाहेरून काळ्याभोर दिसत होत्या, त्याने एक वाकवली तर तिला आडव्या भेगा पडल्या. मग त्याने बोनेट उघडून ब्रेकच्या डबीतलं तेल बोटावर घेतलं, वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं झालं. "इसमें ट्रॅक्टर का ऑइल किसने डाला?"

किसने नाही, सगळ्यांनी. हे मी ऐकताक्षणी समजलो. आमच्याकडे लग्नाच्या धावपळीसाठी गाडी मागून नेणारा ती तशीच परत करत नाही. धुऊन, टाकी भरून, तेलपाणी बघून आणून लावतो. रिकामं भांडं परत करू नये, तसंच हे. बोनेट उघडायचं, जी डबी कमी दिसेल ती भरायची, आणि घरात तेल कोणतं असतं तर ट्रॅक्टरचं. ब्रेकचं तेल वेगळं असतं, ट्रॅक्टरच्या तेलाने आतलं रबर फुगून पाव होतं, हे कोणाला माहीत? वीस-पंचवीस लग्नांच्या आभारापोटी लोकांनी त्या ब्रेकमध्ये विष ओतलं होतं. आणि घरात एक विज्ञानाचा मास्तर बसला होता, त्याने एकदा झाकण उघडून पाहिलं नाही.

मला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक हवे होते. मेकॅनिकने मोजमाप घेऊन सांगितलं की या रिंगमध्ये डिस्क मावणार नाही, चाकंच बदलावी लागतील. मग आम्ही दुसरा मार्ग काढला. सगळे पट्टे, सिलिंडर आणि नळ्या नव्या घ्यायच्या, ड्रम लेथवर फिरवून गोल करायचे, आणि मुख्य म्हणजे पायाखालचा जुना सिलिंडर काढून दोन कप्प्यांचा बसवायचा. जुन्या पद्धतीत चारही चाकांना एकच रस्ता. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. नव्या पद्धतीत पुढच्या चाकांचा रस्ता वेगळा, मागच्यांचा वेगळा. एक गेला तरी दुसरा थांबवतो. एवढी साधी अक्कल जगाला येऊन किती काळ लोटला, आणि आम्ही नारळ फोडत बसलो होतो.

ही बातमी पसरली आणि माझ्यावर सगळीकडून तोफा सुटल्या. नागपूरचा एक भाचा आहे, जुन्या गाड्यांचा शौकीन. त्याचा फोन आला, "मामा, ओरिजिनल सिलिंडर काढू नका, गाडीची किंमत जाते." मी विचारलं, "कोहमाऱ्याला तू होतास का?" तो म्हणाला, "तसं नाही मामा, पण एकदा बदललं की बदललं." मी फोन ठेवून दिला. आत्या म्हणाली, तुझ्या बापाच्या हातची गाडी, तिची चिरफाड कायले करतो. शेजारचे दोघे चहा प्यायला येऊन सांगून गेले की गाडी चालवणाऱ्याचं कसब महत्त्वाचं, ब्रेकचं काय एवढं. पट्टे झिजले तेव्हा यांच्यातलं कोणी आलं नव्हतं. मी दुरुस्ती काढली तेव्हा मात्र गल्ली जमली. दादा तर सरळच म्हणाले, "बाबानं कधी हात नाई लावला त्याले. तू मोठा इंजिनेर होऊन राहिला!"

काम महिनाभर चाललं. तयार झाल्यावर मेकॅनिकने मला स्टिअरिंगवर बसवलं. रिंग रोडवर मी गाडी थोडी पळवली आणि ब्रेकवर पाय ठेवला. एकदाच. गाडी सरळ रेषेत उभी राहिली. मेकॅनिक शेजारी सुपारी चघळत म्हणाला, "बस. इतनीसी बात थी." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाने की शरमेने ते मला आजही सांगता यायचं नाही.

घरी आणल्यावर दादांनी किल्ली मागितली. गेटबाहेर पन्नास पावलं नेली आणि सवयीने धाड धाड धाड तीनदा पाय मारला. पहिल्यालाच गाडी जागच्या जागी थांबली आणि दादांची छाती स्टिअरिंगवर आदळली. मी हसलो. हसायला नको होतं. दादा उतरले, छाती चोळत म्हणाले, "लयच कडक करून ठेवला. असा कुठं ब्रेक राहते? माणूस मरंन याच्यानं." ब्रेक लागल्याने माणूस मरेल! मी त्यांच्यापुढे गीता वाचायच्या फंदात पडलो नाही. मुलीला मात्र गाडीत बसवून चक्कर मारून आणली. ती उतरताना एवढंच म्हणाली, "ठीक आहे बाबा." माझी झोप परत आली.

लग्नाला आठ दिवस राहिले होते. पत्रिका द्यायला जायचं म्हणून मी सकाळी विलायती बाहेर काढली. आमचा रस्ता गोठ्याला वळसा घालून जातो, वळणावर शेजारची म्हातारी शेळ्या घेऊन उभी. मी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली गेलं. पुन्हा दाबला, अर्ध्यावर काहीतरी लागलं. मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी तणसाच्या ढिगात घुसवली. म्हातारी मला शिव्या देत होती आणि मी पुन्हा पुन्हा पेडल दाबून बघत होतो. जुनं पेडल परत आलं होतं, हुबेहूब तेच.

मेकॅनिकला फोन लावला. तो चक्रावला. "सरजी, बडे भैया परसों आए थे ना? बोले, सरजी ने भेजा है, ब्रेक बहुत कडक है, थोडा ढीला कर दो. मैंने मना किया. फिर बोले, घर की गाडी है, मेरा नाम लेके करो. मैंने चारों चक्के ढीले कर दिए." ड्रमच्या मागे एक लहानसा चाकासारखा स्क्रू असतो. त्याने पट्टे ड्रमच्या जवळ आणतात किंवा लांब नेतात. दादांनी शहरात गाडी नेऊन, माझं नाव सांगून, पट्टे लांब करून आणले होते. माझ्या मुलीच्या पाठवणीच्या गाडीचे.

मी गोठ्यात गेलो. त्यांच्यापुढे माझा आवाज आयुष्यात पहिल्यांदा चढला. "दादा, तुम्हाला कळतं का तुम्ही काय केलं? कोणाच्या जिवाशी खेळून राहिले तुम्ही?" ते पेंढी सोडत होते, सोडतच राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी ब्रेक फेल नाई झाला. मी दोनदाच मारला. तिसऱ्याले वेळ नाई भेटला."

ते पुढे म्हणाले, "चूक माही होती. लोकायनं हार घातला मले. तू म्हणते ब्रेकच खराब होता. ब्रेक खराब म्हटलं तं बाबानं इतके साल सगळ्या पोरींले खराब गाडीत बसवलं, असं होते. तसा नव्हता आपला बाप. जुना ब्रेक राहिला असता तं मी दाखवला असता, तिसऱ्यांदा बरोबर मारून."

त्यांच्यावर दया यायला हवी होती. आलीही थोडी. पण संताप त्याहून मोठा होता. मी म्हणालो, "बाबांचं नाव वाचवायला माझी पोर मागच्या सीटवर होती, दादा. आणि तुमचीही. ब्रेक खराबच होता. बाबांच्या काळातही खराब होता. बाबा चांगले होते आणि ब्रेक खराब होता, दोन्ही खरं आहे." दादांनी पेंढी खाली टाकली आणि निघून गेले. त्या दिवशी मी गाडी परत नेऊन पट्टे घट्ट करून आणले, किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. झालेलं सगळं मुलीलाही सांगितलं, कारण तिच्यापासून लपवलं असतं तर मी त्या सगळ्यांतलाच एक ठरलो असतो. तिने ऐकून घेतलं. मोठे बाबाच, म्हणजे दादाच, चालवणार का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, तू सांगशील तसं. ती म्हणाली, "चालवू द्या."

पाठवणीच्या वेळी झेंडूच्या माळांनी मढवलेली विलायती दारात उभी होती. किल्ली मी दादांच्या हातात दिली. ते स्टिअरिंगवर बसले, नवरदेव पुढे बसला. वहिनींनी मागचं दार उघडून धरलं. रडारड चालू होती, वाजंत्री वाजत होती. माझी मुलगी दारापाशी आली आणि थांबली. पदर सावरून ती पुढच्या खिडकीशी गेली आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मोठे बाबा, आधी गाडी पुढं घ्या अन् थांबवून दाखवा. मंगच बसीन मी."

वाजंत्री बंद पडली. आत्या पुटपुटली, पाठवणीची गाडी नवरीशिवाय हलवत नाहीत, अपशकुन होतो. वरपक्षाकडचे एकमेकांकडे बघू लागले. एवढं साधं वाक्य! बाबांच्या वेळेपासून त्या गाडीतून कितीतरी मुली गेल्या, त्यांना बसवणारे बाप, काके, मामे होते, मी होतो. आमच्यातल्या एकाच्याही तोंडून ते निघालं नव्हतं. शेवटी ते नवरीला शालू नेसून, हातात हिरव्या बांगड्या घालून, तीनशे माणसांसमोर म्हणावं लागलं. मला तिचा अभिमान वाटला आणि आम्हा सगळ्यांची चीड आली.

दादांनी खिडकीतून तिच्याकडे पाहिलं. तिच्या भुवईकडे पाहिलं असावं. मग गाडी सुरू केली, गेटपर्यंत वेगात नेली आणि ब्रेक दाबला. गाडी तिथल्या तिथे उभी राहिली, माळा पुढे झुलून मागे आल्या. मी मागचा लाल दिवा बघत होतो. तो एकदाच लागला. आता विझेल, पुन्हा लागेल, म्हणून मी श्वास रोखून धरला. तो विझला नाही.

गाडी मागे आणायची वाट न बघता मुलगी चालत निघाली. गेटपर्यंत वीसेक पावलं, मातीतून. दार उघडून ती बसली, वहिनींनी दार लावलं, नारळ फिरवला. तोवर तो लाल दिवा तसाच लागलेला होता. ती नीट बसेपर्यंत दादांनी ब्रेकवरचा पाय उचलला नाही.